साठ हजारांच्या आत गेमिंग पीसी: सुटे भाग निवडतानाचा माझा अनुभव

भाच्याचा अभियांत्रिकीचा प्रवेश पक्का झाला आणि त्याला गेमिंग पीसी जुळवून देण्याचे काम घरच्यांनी एकमताने माझ्या गळ्यात घातले. मर्यादा ताईने आधीच ठरवून टाकली होती: मॉनिटर आणि यूपीएस धरून पंचाहत्तर हजार, त्यावर एक रुपयाही नाही. ही २०२४ च्या दसऱ्याच्या आसपासची गोष्ट असल्यामुळे पुढे येणारे भाव त्या वेळचे आहेत. सुट्या भागांचे भाव मंडईतल्या भाजीसारखे हलतात, त्यामुळे आकड्यांपेक्षा त्यामागचा हिशेब पाहिलेला बरा.

कोणत्या भागावर किती खर्च करायचा हे ठरवताना मी एकच प्रश्न समोर ठेवला: हा भाग दोन-तीन वर्षांनी सहज बदलता येईल का? रॅम वाढवणे, दुसरी एसएसडी लावणे किंवा जुने ग्राफिक्स कार्ड काढून नवे बसवणे ही अर्ध्या तासाची कामे आहेत. मदरबोर्ड बदलायचा झाला तर मात्र सगळा संगणक उसवावा लागतो, आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलताना प्रत्येक केबल नव्याने ओढावी लागते. म्हणून ज्याला पुन्हा हात लावायचा नाही त्यात काटकसर करायची नाही, असे मी ठरवले. यूट्यूबवर बहुतेक ठिकाणी याच्या नेमका उलट सल्ला मिळतो.

सुरुवात मॉनिटरपासून केली, कारण कार्ड केवढे लागेल हे पडदाच ठरवतो. चोवीस इंची, १९२० बाय १०८०, आयपीएस पॅनेलचा १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ चित्रे दाखवणारा) मॉनिटर १०,४०० रुपयांना मिळत होता. भाच्याला १४४०पी (२५६० बाय १४४०) हवा होता. त्या पडद्यावर जवळपास पावणेदोन पट पिक्सेल रंगवावे लागतात आणि तेवढे काम पेलणारे कार्ड आपल्या रकमेत बसत नाही, हे कागदावर मांडून दाखवल्यावर त्याने हट्ट सोडला. यूपीएससाठी पाच हजार बाजूला ठेवले. कीबोर्ड आणि माऊस घरचेच वापरायचे होते. विंडोजचा परवानाही आधीच्या डेस्कटॉपचा होता आणि तो रिटेल प्रकारचा असल्यामुळे नव्या संगणकावर नेता आला. संगणकाबरोबर येणारा ओईएम परवाना असा हलवता येत नाही. राहिलेले जवळपास साठ हजार कॅबिनेटच्या आतल्या मालासाठी.

प्रोसेसर निवडण्यात सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. एएमडीचा रायझन ५ ५६०० माझ्या मनात होता: सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, आणि डब्यातच येणारा पंखा. बाजारात याच्या शेजारी ५५०० आणि ५६००जी हे दोन भाऊबंद असतात. ५५०० दोन-अडीच हजारांनी स्वस्त मिळत होता आणि एका दुकानदाराने तो पुढे करत ‘‘सर, दोन्ही सेमच आहेत, नुसता नंबरचा फरक,’’ असे सांगितले. कोअर दोन्हींत सारखेच आहेत, पण चिप वेगळी आहे. ५६०० मध्ये ३२ एमबी एल-३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट स्मृती) आहे, तर ५५०० आणि ५६००जी या दोघांतही ती १६ एमबी आहे. गेममध्ये ही कॅश फार उपयोगी पडते. शिवाय ५६०० पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या मार्गाच्या, चौथ्या पिढीचा आहे आणि ते दोघे तिसऱ्याच पिढीवर थांबतात. मला घ्यायचे होते ते एएमडीचे आरएक्स ६६०० कार्ड फक्त आठ लेन वापरते, त्यामुळे तिसऱ्या पिढीत त्याची वाट निम्मी अरुंद होते. बहुतेक गेममध्ये याने फार बिघडत नाही, काहींत मात्र फरक जाणवतो. कार्ड न घेता नुसत्या प्रोसेसरवर काम भागवायचे असते, तर ५६००जी घेण्यात शहाणपण होते, कारण त्याला स्वतःचे ग्राफिक्स आहे आणि ५६०० ला अजिबात नाही.

इंटेलचा बाराव्या पिढीचा आय५-१२४००एफही मी बराच तोलून पाहिला. वेगात तो तोडीस तोड आहे. पण माझ्या रकमेत बसणारे त्याचे एच६१० मदरबोर्ड फार आखडते होते, आणि त्याच बोर्डावर पुढे बसू शकणाऱ्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांच्या अस्थिरतेची चर्चा तेव्हा ताजी होती. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. बारावी पिढी यातून सुटलेली आहे. तरीही ज्या दिशेने पुढे वाढायचे तिथेच शंका असेल, तर त्या वाटेला कशाला जायचे, असा माझा विचार होता.

खरा पेच एएमडीचे एएम४ की एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) हा होता; ५६०० एएम४ वर बसतो. एएम५ नवे सॉकेट, त्यावर आणखी काही वर्षे नवे प्रोसेसर येत राहणार, म्हणजे माझ्याच कसोटीला ते अधिक उतरते. परंतु रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड आणि डीडीआर५ रॅम यांची बेरीज पंधरा-सोळा हजारांनी वर जात होती, आणि ती भरून काढायला कार्डावरच कात्री चालवावी लागली असती. गेम अखेर कार्डावर चालतो. शिवाय एएम४ वर पुढे जागाच नाही असेही नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये आलेला ५७००एक्स३डी याच सॉकेटवर बसतो, त्यामुळे एकदा प्रोसेसर बदलण्याची सोय होती. मी एएम४ घेतले.

मदरबोर्ड बी५५० चा, ८,५०० रुपयांचा. बी४५० दीडेक हजारांनी स्वस्त होता, पण कार्डाची चौथ्या पिढीची वाट त्यावर मिळत नाही. जुन्या मालाची एक मेख असते. बोर्ड २०२० च्या साठ्यातला असेल आणि बायोस (बोर्ड सुरू करणारी त्यातली प्रणाली) तेव्हाचीच असेल, तर एप्रिल २०२२ मध्ये आलेला ५६०० त्यावर सुरूच होत नाही. त्यामुळे मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचे बटण असलेला बोर्डच घ्यायचा, असे मी ठरवले होते. पेन ड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवायही त्याची बायोस अद्ययावत करता येते.

ग्राफिक्स कार्ड आरएक्स ६६००, आठ जीबीचे, २१,५०० रुपयांना. त्याच भावाच्या आसपास एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० मिळत होते आणि दुकानात त्याचेच नाव आधी घेतले जायचे, पण वेगात ते स्पष्टपणे मागे आहे. भाच्याला ब्लेंडरसारखे थ्रीडी काम करायचे असते तर मी एनव्हिडियाकडेच वळलो असतो. वापरलेल्या कार्डांचाही मोह झाला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग, म्हणजे कार्डांवर आकडेमोड चालवून चलन कमावणे, बंद झाल्यावर त्यातली कार्डे बाजारात आली आणि तेव्हाही फिरत होती. त्यातली चांगली कार्डेही असतील, परंतु बिल नाही, वॉरंटी नाही आणि रात्रंदिवस तापलेल्या पंख्यांची खात्री नाही, अशा मालावर ताईचे पैसे लावण्याचा अधिकार मला नव्हता.

एसएमपीएसबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण घासाघीस होते ती इथेच. एका ठिकाणी कॅबिनेटबरोबर ‘५०० वॅट’चा एसएमपीएस फुकट मिळत होता. मी तो हातात घेऊन बाजूचा स्टिकर वाचला. १२ व्होल्टच्या रांगेत १८ अँपिअर लिहिले होते, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे मोठ्या अक्षरांतल्या ५०० ला काही अर्थ उरत नाही. आरएक्स ६६०० एकटेच १३२ वॅट घेते, प्रोसेसर पूर्ण ताणावर पाऊणशेच्या आसपास, आणि बाकीचे पन्नासेक धरले की अडीचशेच्या वर गेलोच. मी ४,३०० रुपयांचा, ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र) आणि पाच वर्षांच्या वॉरंटीचा ५५० वॅटचा घेतला. त्याच्या स्टिकरवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर आहेत, म्हणजे ५४० वॅट. दुकानदार म्हणाला, ‘‘एवढा भारी कशाला, सर? त्या पैशात आरजीबी पंखे येतील.’’ पंखे खरोखरच आले असते.

बाकीचे भाग पटकन ठरले. रॅम आठ जीबीच्या दोन पट्ट्या, ३२०० वेगाच्या. सोळाची एकच पट्टी घेतली तर ड्युअल चॅनेल (रॅमला एकाच वेळी दोन वाटा) मिळत नाही आणि रायझनवर ते जाणवते. एसएसडी १ टीबीची, थेट बोर्डात बसणारी एनव्हीएमई, टीएलसी प्रकारच्या मेमरीची. कॅबिनेट पुढून जाळीचे घेतले. पुढे काच असलेली कॅबिनेट दिसायला देखणी असतात, पण एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पारा चाळिशीला टेकतो आणि भाच्याच्या खोलीत एसी नाही.

खरेदी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत केली. दुचाकी लावायला जागा मिळण्याची शाश्वती नसल्याने आम्ही मेट्रोने मंडईला उतरून चालत गेलो. त्याआधी ऑनलाइन भाव कागदावर उतरवून घेतले होते आणि तो कागद सरळ समोर ठेवला. बहुतेक भागांवर दुकानदार त्या भावाच्या जवळ आले. कार्ड थोडे महाग पडले, पण बिघडले तर पार्सल करण्याऐवजी हातात घेऊन जाता येईल म्हणून ते मी मान्य केले. एका दुकानात ‘‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल,’’ अशी सूचनाही झाली. १८ टक्के ऐकायला गोड वाटतात, पण वॉरंटीच्या वेळी पहिला प्रश्न बिलाचाच होतो. मी प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घेतला आणि डब्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच मागितला, कारण ट्रेमधला सुटा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नसते. आतला सगळा माल ५८,२०० रुपयांत बसला.

जुळणी दुकानातही करून मिळत होती, पण भाच्याला ती स्वतः करायची होती. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही बसलो. एएम४ च्या प्रोसेसरला खालून १३३१ बारीक पिना असतात. सॉकेटची दांडी वर करून, एका कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून तो नुसता ठेवायचा. तो आपल्या वजनानेच आत बसतो, दाबायचा अजिबात नाही. पंखा लावताना मात्र गंमत होते. डब्यातल्या पंख्यासाठी बोर्डावरचे प्लॅस्टिकचे कंस आधी काढावे लागतात आणि ते निघाले की मागची धातूची पट्टी सुटून खाली पडते. ‘‘मामा, तू वरून स्क्रू फिरव, मी खालून धरतो,’’ असे म्हणत त्याने ती तळहातावर तोलून धरली आणि मी चारही स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळत गेलो. रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या.

संगणक सुरू झाल्यावर कामे उरतातच. रॅम सहसा आपण होऊन ३२०० वर चालत नाही; बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय) चालू करावे लागते. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचा तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू असाव्या लागतात, तेही बायोसमध्येच. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे तर कार्डाला जोडायची आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १६५ हर्ट्झ स्वतः निवडायचे, नाहीतर पैसे मोजूनही पडदा साठवरच चालत राहतो.

ऑक्टोबर हीटमध्ये, खिडकी उघडी ठेवून घेतलेल्या चाचणीत व्हॅलोरंट सतत सेकंदाला १६५ फ्रेमच्या (चित्रांच्या) वर राहिला आणि फोर्झा होरायझन ५ हाय सेटिंगवर ऐंशी-नव्वदच्या आसपास चालला. प्रोसेसर पंचाहत्तर अंशांपर्यंत गेला. त्याची मर्यादा ९० अंशांची आहे. मे महिन्यात हाच आकडा पुन्हा पाहावा लागेल आणि गरज वाटली तर पुढे एक पंखा वाढवावा लागेल, त्यासाठी कॅबिनेटमध्ये जागा आहे. एसएसडी मात्र आत्ताच अर्ध्याहून अधिक भरली आहे. बोर्डावर एसएसडीसाठीचा दुसरा एम.२ स्लॉट रिकामा आहे. तो तिसऱ्या पिढीचा असल्याने तिथे महागडी ड्राइव्ह लावण्यात अर्थ नाही, साधी चालेल, आणि ती भाच्याने स्वतःच्या पैशाने घ्यायची असे ताईने त्याला सांगून ठेवले आहे.