दोन कुत्री, एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि कोकणातला हिवाळा

आमची हरणी कारवान जातीची आहे. लांब पाय, बारीक कंबर, आणि डोळ्यांपुढे कायम कुठला तरी ससा पळतोय असा भाव. पुण्यात लोक तिला मुधोळ हाउंड म्हणतात, लातूर-सोलापूरकडे कारवान. त्यामुळे 'कारवान आता कॅराव्हॅनमध्ये राहते' हा विनोद आम्ही शंभरदा ऐकलाय, तुम्ही भेटलात तर दुसरा काहीतरी काढा. दुसरा बाबूराव. अस्सल गावठी, वय नऊ, कोथरूडच्या एका कचराकुंडीपाशी सापडलेला. भाड्याचं घर सोडून आम्ही नवराबायको या दोघांना घेऊन गेल्या एप्रिलमध्ये गाडीत राहायला आलो. त्याला चौदा महिने झाले. हा वृत्तांत त्यातल्या दिवाळीनंतरच्या साडेचार महिन्यांचा: दिवेआगरपासून वेंगुर्ल्यापर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्याने.

आधी गाडीचं थोडक्यात. जुनी तेरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर. मागे आडवा बेड, मधे ओटा, पाच किलोचा छोटा सिलिंडर, सव्वाशे लिटरची पाण्याची टाकी, पोर्टेबल टॉयलेट. आरटीओत नोंद बदलून आरसीवर मोटर कॅराव्हॅन असं लावून घेतलं. त्यात चार महिने आणि भरपूर हेलपाटे गेले, पण ते टाळू नका. आतून बदललेली आणि कागदावर प्रवासी असलेली गाडी ठोकली गेली, की विमावाले हात वर करायला मोकळे. बेडची लांबी आणि ओट्याची उंची यांवर आम्ही सहा महिने भांडलो होतो. कुत्र्यांना कुणी विचारलं नव्हतं. पहिल्याच रात्री बाबूरावने ड्रायव्हरची सीट घेतली, हरणीने बेड.

सगळे पहिला प्रश्न जागेचा विचारतात: एवढ्याशा गाडीत दोन कुत्री? जागेचं काही नाही हो. कुत्र्याला तुमच्या पायाजवळची दोन फूट पुरतात. खरा प्रश्न उन्हाचा आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात नगरच्या अलीकडे एका ढाब्यावर आम्ही जेवायला उतरलो. कुत्री गाडीत, छताचा पंखा चालू, खिडक्या चार बोटं उघड्या. आत पंखा बंद पडला, फ्यूज गेला होता. पंचवीस मिनिटांनी परत आलो तर बाबूराव जिभेचा फावडा करून धापा टाकतोय, लाळ घट्ट दोरीसारखी, पाय लटपटतायत. थर्मामीटर लावला तर ४०.९. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.५ ते ३९ च्या आसपास असतं आणि ४१ च्या पुढे अवयव निकामी व्हायला लागतात. ढाब्यावरच्या पोरांनी पाइप आणून दिला. साधं पाणी पोटाला, जांघेत, पंजांवर, आणि वरून पुठ्ठ्याने वारा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो दोन मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. मग थेट डॉक्टर. वाचला. पण त्यानंतर नियम एकच: ऊन असताना गाडीत कुत्र्यांबरोबर एक माणूस. जेवायलासुद्धा पाळीपाळीने. बाहेर ३० अंश असले तरी उन्हात उभ्या बंद गाडीत अर्ध्या तासात पारा चाळिशी सहज ओलांडतो.

'मग एसी लावा ना.' हिशेब करून बघा. आमची लिथियम बॅटरी १२ व्होल्टची, २०० अँपिअर-अवर, म्हणजे पूर्ण भरलेली असेल तर अडीच युनिट वीज. एक टनाचा इन्व्हर्टर एसी त्यावर जेमतेम तीन तास चालणार. आणि छतावर ४०० वॉटचे सोलर आहेत खरे, पण सोलरला ऊन हवं आणि कुत्र्यांना सावली. हे दोन्ही एकाच जागी मिळत नाही. यावर उपाय म्हणजे तिसरं, सुटं पॅनल आणि दहा मीटरची जाड वायर: गाडी झाडाखाली, पॅनल उन्हात. एवढं एक तरी कराच.

बाकी सगळा प्रश्न पंचांगाने सुटतो, आणि ते पंचांग आम्हाला धनगरांनी शिकवलं. नोव्हेंबरात ताम्हिणी उतरताना रस्त्याकडेला त्यांचा एक वाडा, म्हणजे फिरता तळ, भेटला. चारेकशे मेंढ्या, घोड्यांवर सगळा संसार, एका घोड्यावर सामानाच्या वर कोंबडी आणि दोन पिल्लं बांधलेली. फलटणकडची माणसं. पावसाळा तिकडे कोरड्या माळावर, दिवाळी झाली की घाट उतरायचा, भात कापलेल्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, आणि पाऊस यायच्या आत परत वर. आमच्यापेक्षा सामान जास्त, कुत्री जास्त आणि डिझेल शून्य. चहा घेता घेता तिथल्या आजोबांनी आमच्या दोघांकडे नीट बघून विचारलं, "राती कुठं निजत्यात ही?" गाडीत, म्हटलं. "मग बरं हाय. भायेर नका ठिवू. वाघरू माणसाकडं बघत न्हाय, कुत्र्याकडं बघतंय." वाघरू म्हणजे बिबट्या. त्यांची सात कुत्री बाहेरच होती. तसं म्हटल्यावर हसले, "त्येंच्या गळ्यात खिळं हायती की."

तर आमचं वर्ष आता असं बसलंय: दिवाळीनंतर कोकण, मार्चच्या मध्याला घाट चढायचा, एप्रिल-मे पाचगणीच्या बाजूला उंचावर, आणि पावसाळा माण-खटावच्या माळावर. माणमध्ये वर्षाला पाचशेच्या आसपास मिलिमीटर पाऊस, तर आंबोलीत सात हजारांच्या घरात. ओली कुत्री घेऊन गाडीत राहून बघा म्हणजे हा फरक कळेल.

आता रस्ता. मुंबई-गोवा महामार्ग आम्ही शक्यतो टाळला. हरिहरेश्वर झालं की बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, असं जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, खाडी ओलांडत जायचं. वेळ आणि डिझेल दोन्ही वाचतं. फक्त भरतीची वेळ बघून जा. ट्रॅव्हलरचा मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर असतो, आणि ओहोटीला रॅम्पचा उतार तीव्र झाला की तो घासतो. दाभोळला आम्ही बंपर ठेवून आलो. कुत्र्यांना बोटीत गाडीतच बसवा, पण खिडक्या उघडून. रॅम्प आपटल्याचा आवाज झाला की हरणी बेडखाली, ती गुहागर आल्यावरच बाहेर.

गाडी चालवायची ती सकाळी सहा ते दहा. सागरी रस्त्यावर एवढ्या वेळात साठ-सत्तर किलोमीटर होतात, तेवढे पुरे. दुपारी सावली. दिवेआगरला सुरूचं बन आहे, तिथे कुत्री सुखात. नारळाखाली मात्र गाडी लावायची नाही, कितीही सुंदर दिसत असलं तरी. आमचं एक पॅनल आरवलीजवळ झावळीने फोडलं. नारळ पडला असता तर छत गेलं असतं.

मुक्कामासाठी पोलीस पाटलांना गाठा. कोकणात गाव म्हणजे एक वस्ती नसते, आठ-दहा वाड्या असतात, आणि 'कुणाच्या जागेत लावू' हे त्यांनाच ठाऊक. एकदा पाटलांनी सांगितलं, की मग शाळेच्या आवारातलं नळाचं पाणीही मिळतं. दिवस मावळायच्या दोन तास आधी पोचा, कारण वाडीची एक हद्द तिथल्या कुत्र्यांचीही असते. आम्ही आधी बाबूरावला एकट्याला, दोरीने, गाडीपासून लांब फिरवतो. तो म्हातारा आणि निवांत, दहा मिनिटांत ओळखपाळख करून घेतो. हरणीला आधी काढलं तर ती पळते, ते मागे लागतात, आणि मग सगळी वाडी जागी.

किनारा कुत्र्यांसाठी स्वर्ग आहे हे खरं, पण तिथले तीन धोके मला आधी कुणी सांगितले नव्हते. पहिला, केंड. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की त्यातला नको तो मासा कोळी तिथेच टाकून देतात, त्यात हा फुगणारा मासा असतो. तो विषारी आहे, आणि कुत्र्याच्या पोटात गेला तर वाचवायला वेळच मिळत नाही. दुसरा, पाकट माशाचा काटा. वाळूत पडलेला पंजात घुसतो. रापणीच्या जागेपाशी दोर सोडायचाच नाही. तिसरा, खाडी. वाशिष्ठीत मगरी आहेत. चिपळूणच्या बाजूला नदीकाठी कुत्र्याला पाण्यात जाऊ देणाऱ्या माणसाला मी दीडशहाणा म्हणेन.

आणि एक धोका उलटा, आपल्या कुत्र्यांकडून इतरांना. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुत्री घरटी उकरतात. गावकरी वर्षानुवर्षं रात्रीची गस्त घालून ती अंडी हॅचरीत हलवतात, आणि आपण शहरातून येऊन हाउंड मोकळी सोडायची? या किनाऱ्यांवर आम्ही कुत्र्यांना वाळूत नेलंच नाही. अभयारण्यांतही कुत्री चालत नाहीत, तेव्हा फणसाड किंवा राधानगरी यादीतून आधीच काढा.

डिसेंबरात गुहागरजवळ हरणी जेवायची थांबली. दोन दिवस नुसती पडून, तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त. गोचीड ताप. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर दिवसभर गाई-म्हशी बघतात, पण त्यांनी हिरड्या बघितल्याबरोबर ओळखलं. रक्त तपासायला रत्नागिरीला पाठवलं, प्लेटलेट तळाला गेलेल्या. अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन. त्या महिन्यात आम्ही एकाच जागी होतो, आणि खरं सांगायचं तर तोच सगळ्यात चांगला महिना. तेव्हापासून रोज संध्याकाळी गोचीड तपासणी: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-रॉकेल काही लावायचं नाही. रेबीजची लस दरवर्षी, आणि कोकणात जायचं तर लेप्टोची टोचून घेतलेली हवी. लसींचं कार्ड आणि महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काचेपाशीच ठेवा. अडचणीत १९६२ लावा, फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आहे. तो मुख्यतः गुरांसाठी असला तरी जवळचा डॉक्टर कुठे आहे ते तरी कळतं. माणसाची तापाची किंवा दुखण्याची गोळी कुत्र्याला स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. आणि कातळसड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, संध्याकाळनंतर टॉर्चशिवाय फिरू नका, तिथे फुरसं हा विषारी साप असतो.

खाणं सोपं आहे. चिकनवाल्याकडे गळे आणि पंजे मागायचे, तांदळाबरोबर शिजवायचे, हळद टाकायची, मीठ नाही. शिजवलेली हाडं मात्र काढून टाका. देवळाच्या आसपास मुक्काम असेल तेव्हा मांस शिजवत नाही. त्या दिवशी कोरडं खाद्य. दोघांना मिळून दिवसाला तीन लिटर प्यायला आणि तेवढंच पाय धुवायला पाणी लागतं. खारी वाळू बेडवर आली की संसार मोडतो.

हरणीने आचऱ्याजवळ एक कोंबडी मारली. दोर माझ्या हातून सुटला, पाच सेकंदांचा खेळ. ज्यांची कोंबडी त्या काकू कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "कुत्र्याक बांदून ठेय गो, नाय तर आमची कोंबडी मोजून ठेय." गावठी कोंबडीचे सहाशे मागितले, मी मुकाट्याने दिले. संध्याकाळी त्यांचा मुलगा डबा घेऊन आला: त्याच कोंबडीचा रस्सा आणि वडे. पैसे परत करायचं नाव नाही, आणि तेच बरोबर होतं. हरणीसाठी वेगळ्या कागदात हाडं होती, ती मी गुपचूप पुरली.

खर्च विचाराल तर या साडेचार महिन्यांत दरमहा अठ्ठावीस हजारांच्या आसपास. त्यात डिझेल सात, कुत्र्यांचं खाणं पाच. हरणीच्या आजारपणाचे चौदा हजार वेगळे, त्यामुळे डॉक्टरसाठी बाजूला एक रक्कम कायम असू द्या. नेट सड्यावर मिळतं, किनाऱ्यावर नाही. नवऱ्याच्या मीटिंगा सड्यावर, माझी भाषांतरं खाली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वेंगुर्ल्यात रात्री अकराला घाम येत होता आणि बाबूराव फरशी शोधत फिरत होता. गाडीत फरशी नाही. दुसऱ्या दिवशी आंबोली चढलो.

आता माणमध्ये ओळखीच्यांच्या शेतात आहोत. बाबूरावचे मागचे पाय आखडतात, गाडीची पायरी त्याला जमत नाही, म्हणून दहिवडीच्या सुताराकडून प्लायवूडचा सहा फुटी रॅम्प करून घेतला. वर पाय घसरू नये म्हणून काथ्याची चटई ठोकली. तुमचं कुत्रं आठ वर्षांच्या पुढचं असेल तर तो आधीच करा, सांधे गेल्यावर नाही. बाबूराव अजून त्यावर चढत नाही, खाली उभा राहून उचलून घ्यायची वाट बघतो. हरणी त्यावर झोपते.