तुम्ही विचारलंत म्हणून : आधी चित्र की आधी गोष्ट?

गोष्ट वाचून दाखवायला एखाद्या शाळेत गेले की मुलं चित्रातल्या कुत्र्याचं नाव विचारतात. मोठ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: मुलांच्या पुस्तकांची लेखिका आणि चित्रकार, दोन्ही कशा झालात? त्याचा कोर्स असतो का? आणि आधी लिहिता की आधी चित्रं काढता?

कोर्सचं आधी सांगते. शाळेत मी एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या. महाराष्ट्रात हातात पेन्सिल धरणारी बहुतेक मुलं देतात. त्यातलं पुढे सर्वांत कामाला आलं ते स्मरणचित्र. बसथांबा समोर नसताना बसथांब्यावरची माणसं काढायची, कोण कुठल्या पायावर भार टाकून उभं राहतं हे आठवून. मुलांच्या पुस्तकातली चित्रं बहुतेक अशीच येतात. पुढे कलामहाविद्यालयात शिकले, त्याचा फायदा नक्कीच झाला. पण पुस्तक करायला शिकले ती छापखान्यात, पानांची मांडणी करायची नोकरी होती तेव्हा.

तिथे पहिल्यांदा कळलं की पानांचा आकडा लेखक ठरवत नाही. मोठ्या कागदाला तीन घड्या घातल्या की १६ पानं होतात. म्हणून चित्रपुस्तकं १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. गोष्ट १९ पानांची झाली तर तीन पानं कापा, नाहीतर पाच पानांचा मजकूर आणि चित्रं आणखी शोधा.

तेव्हापासून नवं पुस्तक सुचलं की मी लिहायलाही बसत नाही आणि रंगही काढत नाही. चार कोरे कागद एकात एक घालते, मधोमध दुमडते, दोन पिना मारते. झाली १६ पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कोरा नमुना. पहिलं पान नावाचं, दुसरं श्रेयांचं. गोष्ट तिसऱ्या पानावर, उजव्या हाताला सुरू होते. मग सहा जोडपानं, म्हणजे उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं, आणि शेवटचं पान एकटं. ८-९ ही एकच जोडी अशी, की ती सलग एका कागदावर असते. बाकी जोड्यांत डावा-उजवा अर्धा भाग वेगवेगळ्या कागदांवर छापलेला असतो आणि बांधणीत केसभर सरकू शकतो. त्यामुळे हत्ती आडवा पसरायचा असेल तर तो ८-९वर. आजीचा चेहरा मात्र घडीत कुठेच येऊ द्यायचा नाही.

या डमीत शब्द आणि चित्रं एकमेकांना ढकलायला लागतात. पिठाच्या गिरणीवरची एक गोष्ट मी आधी सरळ लिहून काढली होती. गिरणीवाल्या काकांच्या पांढऱ्या भुवया, रांगेतले डबे, पट्ट्याची धडधड, नुकत्याच दळलेल्या पिठाचा ऊन वास, सगळं होतं. डमीत भुवया आणि डबे चित्राने घेतले, ती वाक्यं गेली. वास राहिला, धडधड राहिली. चित्राला पुष्कळ येतं, पण 'उद्या' काढता येत नाही. 'आई अजून आली नव्हती' हेही काढता येत नाही. रिकामं दार काढाल, पण त्यात कोण नाही ते वाक्यानेच सांगावं लागतं. माझं लिहिणं एवढ्यापुरतंच. म्हणून आधी काय, याचं उत्तर 'आधी घडी' असं देते, आणि लोकांना वाटतं मी टाळतेय.

उजव्या पानाच्या तळाशी प्रश्न अडकवायचा आणि उत्तर पलीकडे ठेवायचं, हेही तिथेच जमतं. आजोबांना शेवटच्या पानावर उपदेश करायला उभं करायचा मोह होतो. तिथे मी आजोबांना झोपवते.

देवनागरीची वेगळी सोय लागते. वर मात्रा, रफार, खाली उकार. ओळी जवळ आणल्या की अक्षरं एकमेकांवर आदळतात, आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथेच अडतं. म्हणून भिंत, आकाश, पडदा अशी शांत जागा चित्रातच राखायची. अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवायची. मग तेच पुस्तक गुजरातीत किंवा कन्नडमध्ये निघताना छपाईच्या रंगांच्या प्लेटा (दर रंगाची वेगळी असते) तशाच राहतात, काळी तेवढी बदलते. चित्रातल्या दुकानाच्या पाटीवर मी रंगीत अक्षरं काढत नाही ती याचसाठी.

दोन्ही कामं एकाच व्यक्तीने करायलाच हवीत असं नाही. माधुरी पुरंदरे करतात, त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांचे संवाद मोठ्याने वाचून पाहा. पण चित्र येत नसेल तर प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, तिथली खुल्या परवान्याची, म्हणजे कुणालाही वापरता येणारी चित्रं घेऊन स्वतःची गोष्ट रचता येते. सरावाला याहून स्वस्त काही नाही.

पोट भरतं का? निव्वळ यावर माझं भरत नाही. मासिकांची चित्रं, मुखपृष्ठं, कार्यशाळा चालू असतात.

आणि प्रकाशकाकडे जाताना सगळी पानं रंगवून नेऊ नका. पेन्सिलीतली पूर्ण डमी, आणि पक्की रंगवलेली दोनच चित्रं. संपादक एखादं पान काढायला सांगणारच. रंगवलेलं असलं की ते तुमच्याकडून सुटत नाही. मूळ चित्रं टपालाने पाठवू नका, स्कॅन पाठवा.