सत्तेचाळीस पीस आणि न आलेला फोन

सकाळी सातला लाइनवर पोचलो तर क्वालिटीचा माणूस लाल क्रेटजवळ उकिडवा बसलेला. बेअरिंग बसतं त्या हाउसिंगचा जॉब, त्याचा बोअर, म्हणजे आतलं भोक, ४२ एच-७. म्हणजे ४२.००० ते ४२.०२५ मिलिमीटर, एकूण पंचवीस मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या पंचवीस हजारांशांची मुभा. गेज ४२.०६ दाखवत होता. बोअर लहान राहिला तर जॉब परत लावून काढता येतो, मोठा झाला की सरळ भंगार. एकेक करत ४७ पीस लाल क्रेटमध्ये गेले.

थर्ड शिफ्टचा ऑपरेटर अजून गेटवरच होता, उदगीरकडचा पोरगा, बावीस-तेवीस वर्षांचा. त्याला परत बोलावलं आणि दोन शिफ्टच्या लोकांसमोर झाडलं. साडेतीनला इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं बदललं होतं, ऑफसेट, म्हणजे मशीनला मापाची दुरुस्ती देताना गडबड झाली होती. दुसऱ्या-तिसऱ्या पीसलाच त्याला शंका आली होती, हे त्याने स्वतःच कबूल केलं.

"मग मशीन का नाही थांबवलंस? मला फोन का नाही केलास?"

"सर, मागच्या महिन्यात केला होता. तुम्ही म्हणालात, एवढंही कळत नाही का, रात्री कशाला उठवता?"

मी म्हणालो होतो. मला आठवतही नव्हतं, त्याला शब्दन् शब्द पाठ होता.

ही भोसरी एमआयडीसीतली गोष्ट. आयटीआय मशिनिस्ट करून मी सहा वर्षं मशीनवर काढली होती आणि नुकताच लाइन इन्चार्ज झालो होतो. कामात हात चांगला होता म्हणून बढती मिळाली. माणसांशी बोलायचं कसं हे कोणी विचारलं नाही आणि शिकवलंही नाही. माझ्या आधीचे इन्चार्ज ओरडायचे, म्हणून मीही ओरडायचो. मशीनच्या आवाजात ओरडावंच लागतं, अशी स्वतःची समजूतही घालून घेतली होती.

४७ पीसनंतर मी सुधारायला निघालो आणि पहिले दोन्ही उपाय फसले. एक म्हणजे सूचनापेटी. पंधरा दिवसांनी उघडली, तर आत गायछापच्या दोन पुड्या आणि कँटीनचं एक कुपन. दुसरा उपाय शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटांची मीटिंग. मी बोलायचो, पंधरा माणसं माझ्या मागच्या घड्याळाकडे बघायची. त्याला संवाद म्हणायचं तर शाळेतली प्रार्थनाही संवादच.

त्याच सुमारास कंपनीत एक ट्रेनर आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांच्या सुपरवायझरसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम झाला होता, पुढे जपानी कारखान्यांनी तो उचलला. त्यातली खिशात मावतील एवढी कार्डं त्यांनी वाटली. त्यांवरची दोन वाक्यं मला लागली. एक : ज्या बदलाचा माणसावर परिणाम होणार, तो त्याला आधी सांगा. दुसरं : कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. दुसरं वाचून आधी रागच आला. सगळं आमच्याच डोक्यावर का?

पण करून बघितलं. ओडिशाची दोन पोरं नवीन आली होती. मी हिंदीतून सांगायचो, ती "हां सर" म्हणायची. ऐकू आलं एवढाच त्या "हां सर"चा अर्थ, हे कळायला मला दोन महिने लागले. मग "समझा क्या?" विचारणं बंद केलं. "अब तू मुझे सिखा" म्हणायचं आणि बाजूला उभं राहायचं. पहिल्याच दिवशी दिसलं, की ऑफसेटचा प्लस-मायनस एकालाही नीट कळला नव्हता. उदगीरच्या पोरालाही नव्हता. त्याला तो शिकवला होता मीच, पाच मिनिटांत, जेवणाच्या सुट्टीआधी.

मीटिंग बंद केली. त्याऐवजी शिफ्ट बदलताना मशीनपाशी उभं राहून जाणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचो, "आज काय त्रास झाला?" दोन आठवडे एकच उत्तर : "काही नाही सर." मग एका सकाळी एकजण खालमानेने म्हणाला, "सर, बोअर गेज पडला हातातून." गेज महागाचा, त्यात नुकताच कॅलिब्रेट होऊन आलेला. तोंडापर्यंत आलेली शिवी कशी गिळली ते माझं मला ठाऊक. "मास्टर रिंगवर तपासलास का?" एवढंच विचारलं. मास्टर रिंग म्हणजे गेज पडताळायची पक्क्या मापाची रिंग. दोघांनी मिळून तपासला, झीरो हलला होता. गेज बाजूला काढला, दुसरा दिला. आजूबाजूचे चारजण काम करता करता कान देऊन होते. त्या आठवड्यात आणखी तीन गोष्टी समोर आल्या, त्यातली एक तर महिनाभर जुनी.

मग रात्रीच्या फोनचा प्रश्न. कधीही फोन करा, असं जाहीर केलं आणि पहिल्याच आठवड्यात अकरा फोन आले. बायको म्हणाली, यापेक्षा तूच थर्ड शिफ्ट कर. बरेचसे फोन परवानगीचे होते. म्हणून मशीनवर एक कागद लावला : इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस मापात नसेल तर मशीन थांबवा, कोणाला विचारू नका, नंतर कळवा. हा कागद मॅनेजरना पटवणं खालच्या पंधराजणांपेक्षा अवघड गेलं. त्यांना दर तासाचा आकडा हवा असतो आणि थांबलेलं मशीन लांबूनही दिसतं. शेवटी तो लाल क्रेटच त्यांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवला. महिनाभर करून बघ, म्हणाले. कागद अजून आहे.

एक गोष्ट मात्र नुसत्या बोलण्याने सुटणारी नव्हती. कंत्राटी पोरांच्या पगाराच्या स्लिपमध्ये ओव्हरटाइम कमी लागायचा. दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम झालं तर दुप्पट दर, हे तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ५९ मध्येच होतं. मी आधी "कंत्राटदाराला विचार" म्हणून हात झटकायचो. मग तास स्वतः वहीत लिहायला लागलो आणि वही घेऊन एचआरकडे बसलो. निम्म्या जणांचं काम झालं. निम्म्यांचं नाही झालं, तेही त्यांना तोंडावर सांगितलं. 'बघतो' म्हणून टांगून ठेवण्यापेक्षा ते बरं, असं मला वाटतं. त्यांना काय वाटलं, माहीत नाही.

आमची सुट्टी गुरुवारी. गुरुवारी कामावर बोलवायचं असेल तर मंगळवारीच सांगतो, बुधवारी संध्याकाळी नाही. ओरडणं पूर्ण सुटलंय असं नाही. सुटतं तोंडातून. पण झापायचं असेल तर टूल रूमच्या मागे नेऊन, आणि चारचौघांत ओरडलो तर माफीही चारचौघांत. उदगीरच्या पोराची अशीच मागितली. तो इतका लाजला, की माझीच पंचाईत झाली.

राहिले मामा. लाइनवर सगळ्यांत जुने, माझ्या आधीपासूनचे. मला मशीन त्यांनीच शिकवलं. त्यांच्या हाताखालचा पोरगा त्यांच्यावर साहेब झाला, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण "काय त्रास झाला?" या प्रश्नाला आजतागायत उत्तरही दिलेलं नाही. पानाची पिचकारी मारायला निघून जातात. मात्र काही बिघडलं असेल त्या दिवशी माझ्या टेबलावर एक जॉब ठेवलेला असतो, जिथे चूक आहे तिथे मार्करने गोल केलेला. मी तो उचलतो आणि त्यांच्या मशीनपाशी जाऊन उभा राहतो.