भाताच्या एका दाण्याची तीन पुस्तके

गेली दीड वर्षे मी कोकणातल्या भातशेतीवरच्या तीन सचित्र पुस्तकांची चित्रे आणि मांडणी करते आहे. विषय तिन्हींचा एकच, पेरणीपासून ताटापर्यंतचा भाताचा प्रवास. मात्र पहिले पुस्तक दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी, दुसरे नुकते वाचू लागलेल्यांसाठी आणि तिसरे नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. आधी मोठ्या मुलांचे पुस्तक पूर्ण करावे आणि त्यातली माहिती कमी करत धाकट्यांपर्यंत यावे, असा माझा सुरुवातीचा बेत होता. तो महिनाभरात सोडून द्यावा लागला, कारण वयानुसार बदलते ती माहितीची मात्रा नव्हे, तर चित्राकडे पाहण्याची रीतच बदलते.

सर्वांत लहानांच्या पुस्तकाला जाड पुठ्ठ्याची बारा पाने आणि गोल केलेले कोपरे आहेत, आणि प्रत्येक पानावर एकच वस्तू आहे: दाणा, रोप, लोंबी, सूप, भात. ताटातल्या भाताचे चित्र मी आधी थेट वरून पाहिल्यासारखे काढले होते. मांडणी म्हणून ते फार नेटके दिसत होते, पण ज्या दोन मुलांना मी ते दाखवले त्यांतल्या एकाने त्याला चेंडू म्हटले आणि दुसऱ्याने चांदोबा. पाटावर बसलेल्या मुलाला ताट जसे तिरपे दिसते तसे ते काढले, भाताची मूद उंच केली, वर वाफेच्या दोन रेषा आणि शेजारी वरणाची वाटी आली, तेव्हा दोघांनीही लगेच 'भात' म्हटले. या वयाच्या मुलाला वस्तू त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून दाखवावी लागते, हे मला त्या ताटाने शिकवले.

दुसऱ्या पुस्तकाने माझा सर्वाधिक वेळ घेतला. चोवीस पानांचे, म्हणजे (छपाईचा एक फर्मा सोळा पानांचा धरून) दीड फर्म्याचे, मधोमध पिना मारलेले हे पुस्तक आहे. त्यातले लावणीचे जोडपान मी मोठ्या हौसेने रंगवले होते: डोक्यावर पावसापासून आडोसा देणारी इरली घेतलेल्या, चिखलात वाकलेल्या सहा बाया आणि त्यांच्या मागे लावून झालेले हिरवे खाचर. कच्ची प्रत घेऊन मी माणगाव तालुक्यातल्या एका शाळेत गेले, तेव्हा दुसरीतला एक मुलगा बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "ताई, ह्या बाया लावलेला भात तुडवत आल्या काय?" त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. लावणी करताना माणूस मागे मागे सरकतो. लावलेली रोपे त्याच्या पुढ्यात असतात आणि मोकळा चिखल पाठीमागे. मी लावणीची छायाचित्रे डझनावारी पाहिली होती, पण त्यांतली हालचाल कोणत्या दिशेने आहे हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. शैक्षणिक पुस्तकातले चुकीचे चित्र चुकीच्या वाक्याहून अधिक घातक असते, असे मला मनापासून वाटते, कारण वाक्य तपासणारे संपादक असतात आणि चित्राला बहुधा नुसते 'छान' म्हटले जाते.

चूक दुरुस्त करताना मांडणीचाही एक पेच सुटला. मराठी मूल डावीकडून उजवीकडे वाचते आणि पानही त्याच ओघात उलटते. बायांची तोंडे डावीकडे आणि पाठी उजवीकडे केल्यावर त्यांच्या पुढ्यातली हिरवी लावणी पानाच्या डाव्या कडेपासून वाढू लागली आणि चिखल उजवीकडे उरला. आता सलग तीन जोडपानांवर त्या पान उलटण्याच्या दिशेने मागे सरकत जातात आणि ओळीने ओळ लिहावी तसे खाचर भरत जाते. मधल्या घडीत कोणाचाही चेहरा किंवा हात येऊ नये, यासाठी मात्र प्रत्येकीची जागा चार-चार वेळा बदलावी लागली.

याच पुस्तकातल्या अक्षरांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना एकत्र बांधते आणि ती जिथे तुटते तिथे शब्द संपला हे मुलाला कळते. त्यामुळे ओळीच्या दोन्ही कडा सारख्या करण्यासाठी शब्दांमधली अंतरे ताणली किंवा आवळली, की त्याची मुख्य खूणच डळमळते. मी मजकूर डावीकडे जुळवून उजवी कड मोकळी सोडली, शब्द कुठेही तोडला नाही आणि दोन ओळींत इतके अंतर ठेवले की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला टेकणार नाही. संहितेतला 'सूर्य' हा रफाराचा शब्द लेखिकेने आपणहून काढला आणि तिथे 'ऊन' आले. 'शेतकऱ्याने' हा शब्द मात्र टाळता आला नाही, आणि अक्षरजुळणीत तो एकदा 'शेतकर्याने' असा उमटला. नवशिक्या वाचकापुढे हे गेले असते तर त्याने रफार आणि अर्धा र यांची कायमची गल्लत केली असती. ल आणि श यांचे तसेच. संगणकाच्या दृष्टीने मराठी आणि हिंदी वळणाचा ल एकच असतो, आणि फॉन्टमध्ये सोय असूनही मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली नाही तर हिंदी वळण छापले जाते. वर्गात फळ्यावर एक ल आणि पुस्तकात दुसरा, हा भार सहा वर्षांच्या मुलावर आपण का टाकावा?

तिसऱ्या पुस्तकाचा वाचक वेगळा आहे. त्याला छेद, नकाशा, कालपट्टी वाचता येते आणि कठीण शब्दांचे त्याला आकर्षणही असते. कोमेनियस या सतराव्या शतकातल्या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली न्यूरेंबर्गला प्रसिद्ध केलेल्या सचित्र पाठ्यपुस्तकात चित्रातल्या वस्तूंना आकडे आणि बाजूच्या मजकुरात तेच आकडे अशी रीत होती. आजही अनेक पुस्तके तीच चालवतात. मी मात्र तूस, कोंडा, अंकुर ही नावे रेघ ओढून वस्तूशेजारीच लिहिली आहेत, म्हणजे नजरेला सारख्या येरझाऱ्या घालाव्या लागत नाहीत. पानांच्या तळाशी धावणाऱ्या पट्टीवर खाली महिने आणि वर नक्षत्रे आहेत. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो, पेरल्यावर साधारण तीन आठवड्यांनी तरवा, म्हणजे भाताची कोवळी रोपे, लावणीला येतो, हे मुलाने दोन्ही मोजपट्ट्यांवर पाहावे आणि जमल्यास घरच्या आजोबांकडून ताडून घ्यावे, अशी त्यामागची कल्पना आहे.

या पुस्तकाच्या पहिल्या जोडपानावर दाण्याचा पानभर मोठा छेद आहे आणि त्याखाली खऱ्या आकाराचा, सुमारे ८ मिलिमीटर लांबीचा एक दाणा. गेल्या महिन्यात डमी, म्हणजे नमुना प्रत, दाखवायला गेले, तेव्हा एका मुलीने घरून मूठभर भात आणला, त्यातला एक दाणा छापलेल्या दाण्याला लावून ठेवला आणि आमचा याच्यापेक्षा बारीक आहे, असे गंभीरपणे सांगितले. तिच्या घरचे वाण वेगळे होते. आता त्या जागी जाडा, मध्यम आणि बारीक असे तीन दाणे खऱ्या आकारात काढले आहेत आणि चौथी चौकट मोकळी ठेवली आहे.