तुम्ही विचारलंत म्हणून: ४१३००१ मध्ये एवढं बघता काय?

दुकानात येणारे बरेच जण विचारतात, ओ, त्या खोक्यावर पेनानं काय गणित घालत बसलाय? तर सांगतो. चादरींची पार्सलं बाहेरगावी जातात, प्रत्येकावर आपल्या सोलापूरचा पिनकोड लिहायचा, ४१३००१, दिवसभर तोच आकडा समोर, मग हात शिवशिवतात आणि मी तो फोडायला घेतो, म्हणजे कशाकशानं भाग जातो ते बघायला.

अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ नं भाग जाणारच, उरले ४५८८९. आता ७, ११, १३ तिघांना एकदम कटवता येतं. मूळ आकड्याचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करायचे, ४१३ आणि ००१, वजाबाकी ४१२, आणि ४१२ ला या तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही, म्हणजे ४१३००१ ला पण नाही (१००१ म्हणजे ७ × ११ × १३, सगळी करामत त्याची). पुढं मात्र १७, १९, २३ असं एकेक लावत बसायचं, बोअर काम आहे, त्यात गिऱ्हाईक येतं, पण १०९ ला गाडी थांबते. ४५८८९ = १०९ × ४२१. दोन्ही मूळ संख्या, पुढं फुटत नाहीत.

आपले देवळालीचे गणिती कापरेकर मास्तर, त्यांनी अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद नाव दिलं. आपला पिन हर्षद आहे. त्यांचीच दुसरी गंमत, कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची की नवी संख्या येते, आणि जी अशी कुठूनच येत नाही ती स्वयंभू. सिद्धेश्वराच्या गावाचा पिन स्वयंभू निघाला असता तर काय भारी वाटलं असतं, पण नाही की हो, ४१२९७४ च्या अंकांची बेरीज २७, मिळवा, ४१३००१ हजर.

मग लगेच विचारतात, म्हणजे नंबर लकी का? अहो पिनकोड पोस्टानं १९७२ ला वाटले, त्यात लकी काय. आणि हर्षद वगैरे पण आपण दहाच्या पद्धतीनं लिहितो म्हणूनच, दुसऱ्या पद्धतीनं लिहा, अंक बदलले की बेरीज पण बदलली. १०९ आणि ४२१ मात्र कसंही लिहा, हलत नाहीत, म्हणून मला तेच जास्त आवडतात.

त्यांच्यात अजून एक आहे. दोघांना ४ नं भागलं की बाकी १ उरते, आणि अशी मूळ संख्या नेहमी दोन वर्गांची बेरीज असते. १०९ म्हणजे १०० + ९, ४२१ म्हणजे २२५ + १९६. अशा दोन संख्यांचा गुणाकार पण दोन वर्गांची बेरीजच निघतो, त्या सूत्राला ब्रह्मगुप्ताचं नाव आहे, आणि ते दोन तऱ्हेनं लावता येतं. सुरुवातीला काढलेला ९ म्हणजे ३ चा वर्ग, त्या ३ नं जोडीतले दोन्ही आकडे गुणले की ५७६ चा वर्ग अधिक २८५ चा वर्ग, किंवा ५५५ चा वर्ग अधिक ३२४ चा वर्ग, दोन्हीचं उत्तर ४१३००१. करून बघा. तिसरी जोडी नाही, उगाच शोधत बसू नका.