यादी लावली तो दिवस

आधी दोन गोष्टी. ज्या मुलीबद्दल लिहितोय तिला विचारून लिहितोय. ज्या बाईंबद्दल लिहितोय त्यांना विचारता आलेलं नाही, म्हणून त्यांनी नेलेलं पुस्तक कोणत्या विषयावरचं होतं ते मी इथं सांगणार नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर वाचत बसतो. प्रत्यक्षात दाखल नोंदवही, शिक्के, बाइंडिंगला जाणारे गठ्ठे, आणि अभ्यासिकेत चार्जिंगच्या बोर्डावरून भांडणारी पोलीस भरतीची मुलं यातच दिवस जातो.

पण देवघेवीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं. संगणक येण्याआधी आमच्याकडे कार्डांची पद्धत होती. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक खिसा चिकटवलेला आणि त्यात त्या पुस्तकाचं कार्ड. प्रत्येक सभासदाच्या नावाचा जाड कागदाचा एक छोटा पाकीटवजा पास. सभासद पुस्तक घेऊन आला की पुस्तकाचं कार्ड काढायचं, त्याच्या पासात सरकवायचं आणि ती जोडी परतीच्या तारखेच्या पट्टीमागे लाकडी ट्रेमध्ये उभी करायची. पुस्तक परत आलं की जोडी सोडवायची. कार्ड पुस्तकात, पास वाचकाच्या हातात. झालं. पुस्तक घरी असेपर्यंत ते कुणाकडे आहे हे आम्हाला ठाऊक. परत आलं की कुठंही नोंद उरत नसे. त्या दिवशी किती पुस्तकं गेली याचा आकडा तेवढा वहीत राहायचा. हा ट्रे मी पंधरा वर्षं हाताळला, डोळे मिटूनही मला जोडी सापडायची. पण ती पद्धत विसरते, आणि विसरते हीच तिची सर्वांत मोठी खूबी आहे, हे मला तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं.

मग संगणक आला. तो विसरत नाही. सभासद क्रमांक टाकला की त्या माणसाने पहिल्या दिवसापासून नेलेलं प्रत्येक पुस्तक तारखेसह पडद्यावर. मला त्याचं कौतुक वाटायचं, हे कबूल करतो.

१५ ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, म्हणून वाचन प्रेरणा दिन. मंडळाने ठरवलं, यंदा ‘उत्कृष्ट वाचक’ निवडायचे. यादी माझ्याकडे आली. नुसती नावं आणि आकडे पुरले असते. पण मी वर्षभरात सर्वांत जास्त वाचणाऱ्या पंधरा सभासदांची नावं आणि प्रत्येकापुढे त्यांनी नेलेल्या सगळ्या पुस्तकांची यादी छापली. तीन पानं झाली. मला वाटलं, बघणाऱ्यालाही वाचावंसं वाटेल. सकाळी दहाला ती नोटीस बोर्डावर टाचली. बोर्डाशेजारी आमच्याकडे संविधानाची उद्देशिका लावलेली आहे.

अकराला कार्यक्रम. माझ्या भाषणात मी दरवर्षी सांगतो तेच सांगितलं: १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे. इंग्रजांनी माणसं डांबली, पण त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना डांबता आलं नाही. टाळ्या पडल्या. बोर्ड तिथून दहा पावलांवर होता.

संध्याकाळी साडेपाचला अकरावीतली एक मुलगी आली. हातात जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’चा मराठी अनुवाद. तीनदा मुदत वाढवून तिने ते ठेवलं होतं.

“सर, यादीतून माझं नाव काढता का?”

“अगं, चौथी आलीयेस तू. बक्षीस आहे.”

“बक्षीस नको. नुसतं नाव काढा.”

कुणीतरी दुपारी बोर्डाचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला होता. तिच्या काकांनी तो पाहिला आणि ‘१९८४’वर बोट ठेवून विचारलं, “हाई कसाले वाचस?”

“रागावले का?”

“नाही. नुसतं विचारलं. पण आता पुढचं पुस्तक घेताना माझ्या मनात आधी तेच येणार ना, काका काय म्हणतील?”

मी गप्प राहिलो. तिने पुस्तक उघडून एक पान दाखवलं. कादंबरीचा नायक विन्स्टन, त्याच्या खोलीत भिंतीवर टेलिस्क्रीन असतो. तो दाखवतोही आणि बघतोही. पण त्या खोलीच्या रचनेत एक उथळसा कोपरा राहून गेलेला असतो, तिथं टेलिस्क्रीनची नजर पोचत नाही. तिथं बसून तो डायरी लिहायला घेतो. सगळी कादंबरी त्या कोपऱ्यातून सुरू होते.

“आमच्या घरी दोन खोल्या आणि सहा माणसं आहेत सर,” ती म्हणाली. “माझा कोपरा इथंच होता.”

मी उठलो आणि तिन्ही पानं काढली. पण फोटो निघून गेला होता.

शिपाईमामा दार लावताना म्हणाले, त्या अमक्या बाईसुद्धा दुपारी आल्या होत्या. बोर्डासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि पुस्तक न बदलता निघून गेल्या. मी ती पानं पुन्हा पाहिली. त्यांच्या नावापुढे कादंबऱ्या, पाककृती, दिवाळी अंक, आणि अधेमध्ये एकाच विषयावरची तीन पुस्तकं. ती तीन सलग वाचली की घरात काय चाललंय ते कुणालाही कळावं. मी छापताना ती वाचलीच नव्हती.

रात्रभर झोप लागली नाही. ‘१९८४’ मी किती जणांना दिलं असेल! देताना सांगायचो, लेखकाचा जन्म आपल्याच देशातला, बिहारमधल्या मोतिहारीचा, १९०३ सालचा. पुस्तक आलं १९४९ साली आणि पुढच्याच जानेवारीत तो गेला. हुकूमशाहीवरची कादंबरी आहे, वाचा. म्हणजे मी ती कायम दुसऱ्या कुणाच्या तरी देशाला दिलेला इशारा म्हणून वाचली. ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये बंबवाले पुस्तकं जाळतात, तेही मी तसंच वाचलं. आमच्या कपाटातलं एकही पुस्तक कुणी जाळलं नाही, कुणी त्यावर बंदी घातली नाही. यादी कौतुकाची होती. तरी एका दुपारीत दोन माणसांच्या मनात पहारेकरी बसला, आणि तो मी बसवला.

माणूस वाचतो तेव्हा त्याचं मत अजून बनलेलं नसतं. तो चाचपत असतो. चुकीचं, नकोसं, घरच्यांना न पटणारं असं सगळं हाताळून बघत असतो. उद्देशिकेत ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ असे शब्द आहेत, आणि त्यात विचार पहिला आहे. वर्षानुवर्षं मी ती तसबीर पुसतोय, हा क्रम मला त्या रात्री दिसला.

मंडळाच्या बैठकीत मी मागणी केली: पुस्तक परत आलं की कोण काय घेऊन गेलं ही नोंद पुसली जावी, फक्त आकडा राहावा. अनुदानाच्या तपासणीलाही आकडाच पुरतो. एक सदस्य म्हणाले, “चांगली पुस्तकं वाचतात, तर लपवायचं काय त्यात?” घरात ज्याला कधी कुणी जाब विचारला नाही, अशाच माणसाला हा प्रश्न सुचतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं, तेही मी वाचून दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या बैठकीत घेऊ. सॉफ्टवेअर बसवणारा मुलगा फोनवर म्हणाला, “सर, लोक ही सोय मागून घेतात, तुम्ही काढायला सांगता!” ती काढता येत नाही, असंही म्हणाला. मी जुना लाकडी ट्रे माळ्यावरून उतरवून पुसून ठेवलाय. कार्डं पुन्हा लिहायची तर हजारो आहेत. रोज संध्याकाळी पन्नास लिहितो.

मुलगी परत यायला लागली. पुस्तक आता घरी नेत नाही, वाचनकक्षातच खिडकीजवळ बसून वाचते. मी मुद्दाम त्या बाजूला फिरकत नाही.

बाई मात्र आल्या नाहीत. “त्या आज बी उन्यात नही, सर,” असं शिपाईमामा अधूनमधून सांगतात. त्यांच्याकडच्या पुस्तकाची मुदत संपून सात आठवडे झाले. नियमाप्रमाणे स्मरणपत्राचं कार्ड जातं. त्याच्या छापील नमुन्यात ‘पुस्तकाचे नाव’ असा रकाना आहे, आणि पोस्टमन ते कार्ड दारात जो भेटेल त्याच्या हातात देतो. लिहिलेलं कार्ड माझ्या खणात पडून आहे. फोन करावा, तर सभासद अर्जावर नंबर त्यांच्या यजमानांचा आहे.