डाव्या बाजूचा मार

हिंगणघाटात आमच्याकडे दुरुस्तीला गेमचा कंट्रोलर येतो तो बहुतेक ड्रिफ्टसाठी, म्हणजे स्टिक आपोआप सरकल्यासारखी वागते म्हणून. अंगठ्यानं फिरवायच्या साध्या स्टिकमध्ये दोन पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर रोध बदलणारे भाग, असतात. त्यांचा कार्बनचा पट्टा घासत जातो, भुकटी साचते, आणि हात न लावताही खेळाडू चालायला लागतो. जिनिंगच्या हंगामात रुईचे तंतूही आत शिरतात. लोक त्यावर गंज काढायचा स्प्रे मारून आणतात. तो मारू नका, चार दिवस बरं वाटतं आणि मग पट्टा आणखी बिघडतो. मॉड्यूल बदलला की विषय संपतो.

ही केस तशी नव्हती. समुद्रपूरकडच्या एका गावातला पोरगा ड्युअलसेन्स, म्हणजे प्लेस्टेशन ५चा कंट्रोलर, घेऊन आला. स्ट्रीट फायटर ६ हा मारामारीचा गेम खेळतो, नागपूरला स्पर्धा होती. म्हणाला, "भाऊ, बसून ब्लॉक धरतो तरी मार लागते. अन् थेबी मी डाव्या बाजूनं असलो तरच."

स्टिक बाहेरून बदलून आणलेली, हॉल सेन्सरची, म्हणजे घासणाऱ्या पट्ट्याऐवजी चुंबकावर चालणारी. असल्या पार्टवर मी आधी विश्वास ठेवत नाही. सुटा मॉड्यूल हातात असेल तर बाहेरच्या दोन पायांमध्ये मल्टिमीटर लावा. काही किलोओहमचा स्थिर रोध दाखवला तर तो बहुतेक पोटेन्शिओमीटरच, लेबलवर काहीही छापलेलं असो. बसवलेल्या स्टिकजवळ लहान चुंबक नेला आणि टेस्टरवरचा (स्टिकची जागा आकड्यात दाखवणाऱ्या पानावरचा) आकडा हलला, तर सेन्सर चुंबकीय आहे. इथे हलला. सोल्डरिंगही स्वच्छ होतं. चौदा पाय काढताना ग्राउंडचे पाय उष्णता खेचून घेतात आणि घाई केली की बोर्डाची पट्टी उचलली जाते. इथे तसं काही नव्हतं. ज्यानं केलं त्याचा हात चांगला आहे.

टेस्टरवर वर्तुळाची चूक, म्हणजे स्टिक कडेनं फिरवल्यावर आकडे अचूक वर्तुळापासून किती हटतात ती, जवळपास शून्य. मधला बिंदू स्थिर. व्हिडिओवाले एवढंच दाखवतात आणि "परफेक्ट" म्हणून मोकळे होतात. बंदुकीच्या गेमसाठी ते ठीकही असेल. फायटिंग गेमला स्टिक किती वाकली याच्याशी देणंघेणं नाही, त्याला आठ दिशा आणि मध्य एवढंच कळतं. म्हणून तिथे पाहायचं ते हे, की दिशा नेमकी कोणत्या कोनाला बदलते.

दिशांसाठी कीबोर्डच्या नंबरपॅडचे आकडे धरू : २ खाली, ४ डावीकडे, १ त्यांच्या मधला तिरपा, ३ उजवीकडचा, ८ वर, ७ वर-डावीकडचा तिरपा. ब्लॉक, म्हणजे मार अडवणं, मागची दिशा धरून होतं, म्हणून खेळाडू डावीकडे उभा असेल तर बसून ब्लॉक म्हणजे १. अंगठा जरा घसरून २ लागला की पात्र नुसतं बसतं, ब्लॉक होत नाही. गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतो. घसरण एका फ्रेमची, म्हणजे १६.७ मिलिसेकंदांची असली तरी पुरते.

आता हिशोब. समजा गेम प्रत्येक अक्ष वेगळा वाचतो आणि ५० टक्क्यांना दिशा मोजतो. स्टिक अचूक वर्तुळ देत असेल, तर सरळ खालपासून ३० अंश सरकल्याशिवाय १ सुरूच होत नाही. तिरप्या दिशेला ३० अंश मिळतात, सरळ दिशेला ६०. जुन्या घासलेल्या स्टिकचे आकडे कडेला वर्तुळाबाहेर जातात. टेस्टर त्याला आठ-दहा टक्के चूक म्हणतो, पण त्यामुळेच तिरपा पट्टा रुंद होतो. पोराची जुनी स्टिक टेस्टरवर नापास आणि ब्लॉकमध्ये पास होती ती अशी. खरा उंबरठा गेमगणिक वेगळा असतो, तो मोजूनच काढावा लागतो. कंपास पेटीतल्या कोनमापकाची झेरॉक्स काढून मध्यभागी भोक पाडा आणि स्टिकवर घाला. ट्रेनिंग मोडमध्ये बटणांची नोंद चालू ठेवून स्टिक कडेकडेनं हळू फिरवा आणि बाण बदलेल तो अंश लिहा.

मग तक्रार एकाच बाजूची का? डाव्या अंगठ्याला ३ कडे जाताना नुसतं लांबायचं असतं. १ कडे तो तळहाताकडे दुमडावा लागतो आणि जोर आला की २ कडे ओढला जातो. स्टिक ज्या गोल भोकाच्या कडेनं फिरते त्या गेटमध्ये अडकायला खाच नाही. आर्केड लिव्हरच्या चौकोनी गेटला कोपरा असतो, तिथे काठी टेकून बसते.

डी-पॅड (दिशांची चार बटणं) वापर, असं सगळेच सांगतात. हा पोरगा मोबाइलच्या काचेवरच्या गोल स्टिकवर शिकलेला. स्पर्धा तोंडावर असताना त्याला अंगठा बदलायला सांगण्यात अर्थ नाही.

उपाय कॅलिब्रेशनमध्ये होता. ड्युअलसेन्स यूएसबीवरून ब्राउझरमध्ये कॅलिब्रेट होतो, आणि रेंज ठरवताना प्रत्येक टोकाला स्टिक जिथवर गेली तेच टोक धरलं जातं. म्हणून दांड्याच्या फक्त डाव्या अंगाला जाड वायरच्या इन्सुलेशनचा काप लावला, असा की डावीकडे आडवा आकडा ०च्या ऐवजी २६ला थांबावा. मध्य १२८, म्हणजे डावीकडची ८० टक्केच वाट. रेंज घेतली, काप काढला, आधी तात्पुरतं तपासलं आणि मगच कायमचं सेव्ह केलं. आता ती ८० टक्केच पूर्ण धरली जाते, म्हणजे डावीकडे सव्वापट वाढ. त्या हिशोबानं १ची सुरुवात ३० ऐवजी २३.६ अंशांना येते. १ आणि ४ मधली सीमा मात्र हलत नाही, कारण ती उभ्या अक्षावर ठरते. स्टिकवर बसवलेली उंच धातूची टोपीही काढायला लावली. जड टोपीमुळे सोडलेली स्टिक मध्य ओलांडून पलीकडे झोकांडी खाते आणि डॅशमध्ये, म्हणजे एक दिशा दोनदा झटकून पुढे-मागे झेपावताना, उलटी दिशा लागू शकते.

ब्लॉक धरू लागला. पण वरचं काय? तोच आडवा अक्ष ८ आणि ७ची सीमाही ओढतो. सरळ उडी मारायला गेला की अधूनमधून मागे उडी जाते, असं तो स्पर्धेहून येऊन म्हणाला. वाढ सव्वाऐवजी १.१५ केली तर सीमा २५.८ अंशांवर येईल. उडी सुधारेल, ब्लॉक थोडा घटेल. वर एक आणि खाली एक अशी वेगळी वाढ या कॅलिब्रेशनमध्ये देता येत नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यात गेटलाच पातळ पट्टी चिकटवून खाच करता येईल, पण मग स्टिक गोल फिरवताना तिथे ठेच लागेल आणि त्याचे अर्धवर्तुळाचे डाव बिघडतील. आधी १.१५च करून देतो आहे.